अपस्मार आणि द्विध्रुवीय विकार एकाच व्यक्तीला असतात तेव्हा

तुम्ही कळवलेली माहिती थोडक्यात अशी आहे. तुमचे वय २७ वर्षे. पंधराव्या वर्षापासून अपस्मार आहे. सकाळी उठल्यावर हात अचानक उडतात, हातातली वस्तू खाली पडते आणि जागरण झाले की सर्वांगाची मोठी फिट येते. तीन वर्षांपूर्वी उन्मादाचा (मॅनियाचा, म्हणजे मन बेफाम उंचावण्याचा) पहिला एपिसोड आला, त्यामागोमाग कित्येक महिन्यांचे नैराश्य आले आणि द्विध्रुवीय विकाराचे, म्हणजे बायपोलरचे, निदान झाले. त्यासाठी सध्या लिथियम आणि रात्री क्वेटायपिन चालू आहे. फिट्ससाठी गेल्या वर्षी व्हॅल्प्रोएट बंद करून लेव्हेटिरासिटाम सुरू झाले. तेव्हापासून मोठी फिट आलेली नाही, पण चिडचिड इतकी वाढली आहे की घरातले तुमच्याशी बोलताना बिचकतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात हे औषध बदला. मेंदूविकारतज्ज्ञ म्हणतात फिट्स थांबल्या आहेत, तर त्याला हात लावू नका. हे दोन आजार आहेत की एकाचीच दोन रूपे, दोघांपैकी कोणाचे ऐकायचे आणि पुढे मूल होऊ देता येईल का, हे तुमचे तीन प्रश्न आहेत.

तुम्हाला प्रत्यक्ष न तपासता अमुक गोळी घ्या, तमुक सोडा असे मी सांगणार नाही. परंतु अशा दुहेरी आजाराचा विचार कोणत्या क्रमाने करायचा आणि दोन्ही तज्ज्ञांसमोर नेमके काय ठेवायचे, हे अनुभवावरून सांगता येते, आणि तुमच्या पत्रात त्यासाठी पुरेसा तपशील आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की हे दोन स्वतंत्र आजार आहेत, मात्र ते एकाच मेंदूत असल्यामुळे एकमेकांपासून अलिप्त राहत नाहीत. अपस्मार असलेल्यांमध्ये मनःस्थितीचे विकार सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा निश्चितच जास्त आढळतात, आणि हा संबंध दोन्ही दिशांनी आहे. ज्यांना आधी नैराश्य येऊन गेले आहे त्यांना पुढे अपस्मार होण्याची शक्यताही काहीशी वाढलेली असते. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रश्नावली-सर्वेक्षणात अपस्मार असलेल्या सुमारे १२ टक्के व्यक्तींनी द्विध्रुवीय विकारासारखी लक्षणे नोंदवली होती, आणि दमा किंवा मधुमेह असलेल्यांपेक्षा हे प्रमाण स्पष्टपणे अधिक होते. तरीही हा आकडा जपून वाचावा. प्रश्नावलीला फिटनंतरचा क्षोभ, औषधाने आलेली चिडचिड आणि खरा उन्माद यांतला फरक कळत नाही; तो समोर बसलेल्या डॉक्टरला विचारूनच काढावा लागतो. तुमच्याकडे तर चुलत आजोबांना दीर्घकाळ लिथियम चालू होते असे तुम्ही लिहिले आहे, आणि तुमचा उन्माद लेव्हेटिरासिटाम सुरू होण्याच्या बराच आधी, कोणतीही फिट आलेली नसताना, तीन आठवडे टिकला होता. त्यामुळे तुमचे निदान मला योग्य वाटते.

दोन्ही आजार असलेल्या व्यक्तीची मनःस्थिती बदलली की मी सर्वांत आधी विचारतो ते हे: शेवटची फिट कधी आली होती? औषधांची चर्चा त्यानंतर. काही जणांना फिट येण्याच्या काही तास किंवा एखादा दिवस आधी विनाकारण चिडचिड होते, उदास वाटते, आणि फिट येऊन गेली की मन निवळते. काही जणांना प्रत्यक्ष फिटचाच भाग म्हणून अर्धा-एक मिनिट अकारण भीती किंवा अत्यानंद जाणवतो. तो दरवेळी अगदी तसाच, ठरल्यासारखा येतो आणि तसाच विरतो. फिटनंतरचे नैराश्य काही तासांपासून एक-दोन दिवसांपर्यंत, क्वचित त्याहून अधिक टिकते, आणि त्या अवधीत मरणाचे विचारही येऊ शकतात. याखेरीज फिट्सच्या मधल्या काळात, काही तास ते दोन-तीन दिवस टिकणारी आणि आपोआप ओसरणारी उदास-चिडखोर अवस्था अपस्माराच्या रुग्णांत दिसते, जिचे वर्णन जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच करून ठेवले आहे. यांपैकी कशालाही द्विध्रुवीय विकार म्हणता येत नाही, आणि यांपैकी बहुतेकांवर खरा उपाय फिट्स अधिक नीट आटोक्यात आणणे हाच असतो.

यातला एक प्रकार अधिक तपशिलाने सांगतो, कारण तो घरच्यांच्या हातून हमखास निसटतो. एखाद्याला दोन दिवसांत तीन-चार मोठ्या फिट्स येतात. तो भरपूर झोपतो, उठतो, सगळ्यांना ओळखतो, नीट जेवतो, फोनवर व्यवस्थित बोलतो. घरच्यांना हायसे वाटते. मग एक-दोन दिवसांनी तो रात्री झोपेनासा होतो, अखंड बोलू लागतो, आपल्यावर मोठी जबाबदारी सोपवली गेली आहे असे सांगतो, जवळच्याच माणसावर संशय घेतो आणि कोणी अडवले तर अंगावर धावतो. मधले हे स्वच्छ दिवस साधारण एक ते तीन असतात, आणि त्यांच्यामुळेच फिट्सशी असलेला संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. ही अवस्था प्रामुख्याने मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातून उद्भवणाऱ्या अपस्मारात दिसते आणि काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ओसरते. परंतु तेवढ्या काळात माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा करू शकतो, म्हणून तातडीने उपचार लागतात. तुमचा अपस्मार वेगळ्या जातीचा आहे, पण तुमच्या घरच्यांनी एवढे लक्षात ठेवावे की लागोपाठ फिट्स आल्यास पुढचा आठवडाभर रात्रीच्या झोपेवर नजर ठेवायची.

आता तुमच्या चिडचिडीकडे वळू. लेव्हेटिरासिटाम हे फिट्ससाठी उत्तम औषध आहे. इतर औषधांशी ते फारसे भांडत नाही आणि लवकर परिणाम दाखवते. परंतु साधारण दहापैकी एका प्रौढाला त्याने चिडचिड, आक्रमकता किंवा उदासी येते, आणि ज्यांना आधीपासून मनोविकार आहे त्यांच्यात हे प्रमाण अधिक असते. फिट्सच्याच पेरॅम्पॅनेल या औषधाबाबतही अशीच, किंबहुना अधिक कडक सूचना आहे. फिनोबार्बिटोनने व टोपिरामेटने काहींना नैराश्य येते. त्यामुळे प्रश्न असा उरतो की तुमची चिडचिड औषधाची आहे की द्विध्रुवीय विकाराची.

यातला फरक ओळखायला काही खुणा आहेत. औषधाने येणारी चिडचिड बहुधा औषध सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर काही दिवस-आठवड्यांत येते, दिवसभर एकसारखी भासते, क्षुल्लक कारणाने भडका उडतो आणि दहा मिनिटांत पश्चात्ताप होतो. झोपेची गरज मात्र नेहमीइतकीच राहते. सौम्य उन्मादात चिडचिडीबरोबर इतर बरेच काही बदलते: चार तास झोपूनही ताजेतवाने वाटणे, विचार एकामागून एक धावणे, एकाच वेळी पाच योजना आखणे, पैसे सैलपणे खर्च होणे, नेहमीपेक्षा मोठ्याने व जलद बोलणे. तुम्ही लिहिता की झोप पूर्वीइतकीच आहे, नवे काही सुचत नाही, रागावल्यावर रडू येते, आणि हे सगळे डोस दुप्पट केल्यानंतरच्या पंधरवड्यात सुरू झाले. यावरून मला औषधाची शंका अधिक येते. आणखी एक शक्यता नोंदवून ठेवतो. काही मोजक्या रुग्णांत फिट्स अचानक थांबतात, ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख) सुधारतो आणि नेमक्या त्याच वेळी मनोविकाराची लक्षणे उफाळतात. स्विस डॉक्टर हाइनरिख लांडोल्ट यांनी १९५३ मध्ये हे निरीक्षण मांडले होते. असे क्वचितच घडते, पण तुमच्या डॉक्टरांच्या मनात ते असावे.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की दोन्ही तज्ज्ञ आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि त्यामुळेच हा निर्णय दोघांनी एकत्र बसून घ्यायला हवा. चिडचिड औषधाची आहे म्हणून ते उद्यापासून बंद करणे अत्यंत धोकादायक ठरेल. लेव्हेटिरासिटाम शरीरातून सहा ते आठ तासांत निम्मे होते, म्हणजे दोन डोस चुकले तरी संरक्षण जवळजवळ उरत नाही, आणि अचानक बंद केल्यास न थांबणारी फिट येऊ शकते. दुसऱ्या बाजूने, फिट्स नाहीत एवढ्यावर समाधान मानून रुग्णाचे घर आणि नोकरी मोडू देणे हाही चांगला उपचार नव्हे. ज्या व्यक्तीला असह्य चिडचिड होते ती एक ना एक दिवस स्वतःच गोळी सोडते, आणि मग फिटही येते.

पर्याय समजून घेण्यासाठी थोडा इतिहास उपयोगी पडेल. मनःस्थिती स्थिर ठेवणारी काही प्रमुख औषधे मुळात फिट्सची औषधे आहेत. व्हॅल्प्रोइक आम्ल १८८२ मध्ये तयार झाले आणि पुढे कित्येक दशके प्रयोगशाळेत केवळ द्रावक म्हणून वापरले गेले. १९६२ साली फ्रान्समध्ये इतर द्रव्यांची चाचणी करताना लक्षात आले की फिट रोखण्याचा गुण त्या द्रावकाचाच आहे. १९६६ मध्ये फ्रान्समध्येच त्याच्या एका भावंड-औषधाचा उन्मादावर उपयोग नोंदवला गेला. कार्बामाझेपिनचा उन्मादावरचा उपयोग १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधील डॉक्टरांनी दाखवला. लॅमोट्रिजिनला अमेरिकेत अपस्मारासाठी १९९४ मध्ये आणि द्विध्रुवीय विकार उलटू नये यासाठी २००३ मध्ये मान्यता मिळाली. म्हणून दोन्ही आजार असलेल्यांसाठी शक्य असेल तिथे एकाच औषधाने दोन्ही कामे करून घेणे हा पहिला विचार असतो. परंतु फिटचे प्रत्येक औषध मनःस्थिती सावरते हा समज चुकीचा आहे. टोपिरामेट आणि गॅबापेन्टिन यांच्या उन्मादावरील चाचण्यांत औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा (प्लासिबोपेक्षा) अधिक लाभ दिसला नाही, आणि लेव्हेटिरासिटामलाही मूड स्टॅबिलायझर म्हणता येत नाही.

तुमच्या बाबतीत व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिन आणि लॅमोट्रिजिन ही तिन्ही नावे एकेक करून तपासली पाहिजेत. सकाळी हात उडण्याचा जो अपस्मार आहे त्यावर व्हॅल्प्रोएट सर्वांत प्रभावी आहे आणि उन्मादावरही ते चालते. केवळ या दोन निकषांवर तेच निवडले गेले असते. पण मूल होण्याच्या वयातील स्त्रीला ते शक्यतो देऊ नये, याची कारणे पुढे सांगतो. ते बंद केले गेले हे योग्यच झाले. कार्बामाझेपिन आणि त्याचे जवळचे नातलग ऑक्सकार्बाझेपिन तुमच्या जातीच्या अपस्मारात हात उडणे वाढवू शकतात, म्हणून मनोविकारासाठी ती कितीही सोयीची वाटली तरी तुमच्यासाठी नाहीत. शिवाय कार्बामाझेपिन यकृतातील विकरांना (एन्झाइम्सना) इतके चेतवते की क्वेटायपिनची रक्तातील पातळी अगदी खाली येते आणि गर्भनिरोधक गोळ्याही निकामी ठरू शकतात. केवळ मनोविकाराचा विचार करून हे औषध लिहिले गेले आणि फिट्स वाढल्या, असे घडताना दिसते. अपस्माराचा प्रकार मानसोपचारतज्ज्ञांच्या कागदावर स्पष्ट लिहिलेला असावा तो याचसाठी.

उरते लॅमोट्रिजिन. नैराश्य पुन्हा येऊ नये यासाठी ते चांगले आहे, वजन वाढवत नाही, बुद्धी मंद करत नाही, आणि गरोदरपणातील त्याची नोंद आश्वासक आहे. उन्माद उतरवण्याचे किंवा तो भक्कमपणे अडवण्याचे सामर्थ्य त्यात नाही, पण ती बाजू तुमच्याकडे लिथियम सांभाळत आहे, आणि या दोघांचे एकमेकांशी पटते. अडचण एवढीच की तुमच्या प्रकारच्या अपस्मारात काही थोड्या जणांचे सकाळचे हात उडणे त्याने वाढते, त्यामुळे सुरुवातीला लक्ष ठेवावे लागते. बदल करायचाच ठरला तर नवे औषध पूर्ण डोसवर पोहोचेपर्यंत जुने कमी करायचे नाही, हा नियम कोणीही मोडू नये. दुसरा, कमी उलथापालथीचा मार्ग म्हणजे लेव्हेटिरासिटामचा डोस थोडा उतरवून पाहणे, किंवा त्याच्याच जातीच्या ब्रिव्हारासिटामवर जाणे. त्याने चिडचिड कमी होते असा अनेकांचा अनुभव आहे, मात्र सर्वांचा नाही. माझा कल तुमच्यासाठी लॅमोट्रिजिनकडे झुकतो, कारण तुमच्या पत्रात उन्मादापेक्षा नैराश्याचे महिने कितीतरी जास्त आहेत. अंतिम शब्द तुमचा ईईजी आणि तुमची आजवरची नोंद पाहणाऱ्यांचा.

लिथियमबद्दल तुमच्या मनात भीती आहे की त्याने फिट्स येतात. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियन मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला, आणि आजही आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत त्याच्याइतका भरवशाचा पुरावा दुसऱ्या कोणत्याही मूड स्टॅबिलायझरपाशी नाही. रक्तातील पातळी योग्य मर्यादेत, सहसा ०.६ ते ०.८ मिलीमोल प्रतिलिटरच्या आसपास, ठेवली तर अपस्माराचे बहुतेक रुग्ण ते निर्धोकपणे घेऊ शकतात. पातळी विषारी झाली की मात्र फिट येते. पातळी चढते ती जुलाब-उलट्यांत, पाणी कमी पडल्यास, एकाएकी मीठ बंद केल्यास, आणि आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या साध्या वाटणाऱ्या वेदनाशामकांनी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही. फिटमध्ये पडून खांदा दुखावला म्हणून कोणीतरी आठवडाभराची वेदनाशामके लिहून देते, आणि लिथियम चालू आहे हे विचारायचे राहते; हा प्रसंग दोन्ही आजार असलेल्यांच्या बाबतीत विशेष संभवतो. हात जोरात थरथरणे, तोल जाणे, जीभ जड होणे, उलट्या, ही लक्षणे एकत्र दिसली तर पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी रक्त तपासावे.

इथे एक बारकावा सांगतो. लिथियमची नेहमीची थरथर बारीक असते, हात पुढे धरला की सतत जाणवते. अपस्माराचे हात उडणे विजेसारखे एकदम, क्षणभराचे, बहुतेक सकाळचे, आणि दोन उडण्यांच्या मध्ये हात पूर्ण शांत असतो. तपासणीच्या खोलीत दुपारी सांगताना दोन्हींना हात थरथरतात असाच शब्द वापरला जातो, आणि त्यावरून चुकीचे औषध वाढू शकते. सकाळी उठल्यावर दहा मिनिटांचे चित्रण घरच्या कोणाकडून मोबाइलवर करून घ्या. मेंदूविकारतज्ज्ञाला ते शंभर शब्दांपेक्षा अधिक सांगेल. मूत्रपिंडांची तपासणी तुम्हाला दुप्पट महत्त्वाची आहे: लिथियम दीर्घकाळात त्यांचे काम मंदावू शकते, आणि लेव्हेटिरासिटाम त्यांच्याच वाटे बाहेर पडत असल्याने त्याचा डोस मग कमी करावा लागतो.

नैराश्याच्या गोळ्यांबाबत थोडक्यात. बहुतेक नव्या नैराश्यविरोधी गोळ्या अपस्मारात चालतात. बुप्रोपिऑन टाळावे, क्लोमिप्रामिनबाबत सावध राहावे. तुमच्या बाबतीत मोठा धोका फिटचा नसून मन एकदम उन्मादाकडे पलटण्याचा आहे, त्यामुळे मूड स्टॅबिलायझरशिवाय अशी गोळी घेऊ नये. तीव्र मनोविकारावरचे क्लोझापिन हे औषध डोसच्या प्रमाणात फिट्स वाढवते. क्वेटायपिनचा धोका त्या मानाने पुष्कळ कमी आहे. आणखी एक गैरसमज दूर करतो: अत्यंत तीव्र आजारात ईसीटी, म्हणजे शॉक उपचार, देण्याची वेळ आली तर अपस्मार असल्यामुळे तो नाकारावा लागत नाही.

गोळ्यांखालोखाल सर्वांत अधिक महत्त्व झोपेला आहे, आणि तुमच्या बाबतीत तर मी दोन्ही एका पायरीवर ठेवीन. तुमच्या जातीच्या अपस्मारात एका रात्रीचे जागरण आणि दुसऱ्या सकाळी लवकर उठणे हे मोठ्या फिटचे सर्वांत नेहमीचे निमित्त असते. द्विध्रुवीय विकारात तेच जागरण उन्मादाची सुरुवात करून देते. आणि उन्माद सुरू झाला की झोप आणखी कमी होते, माणसाला आपण बरे झालो आहोत असे वाटू लागते, गोळ्या अनावश्यक वाटतात, काही जण मद्यही घेतात. त्यातून फिट, फिटमधून पुन्हा विस्कटलेली झोप. हे चक्र जिथे सर्वांत स्वस्तात तोडता येते ती जागा म्हणजे पहिली बिघडलेली रात्र. म्हणून रात्री झोपण्याची आणि सकाळी उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीही तीच ठेवा. रात्रपाळीची नोकरी स्वीकारू नका, आणि त्यासाठी लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र कोणत्याही एका डॉक्टरकडून निःसंकोचपणे मागा. सलग दोन रात्री झोप पाच तासांखाली गेली तर काय करायचे, हे तुम्ही बऱ्या असताना मानसोपचारतज्ज्ञाकडून लिहून घ्या: क्वेटायपिन किती वाढवायचे, किती दिवस, आणि कोणाला फोन करायचा. झोपेसाठी बेन्झोडायझेपिन गटातील गोळ्या परस्पर सुरू करू नका. त्या फिट रोखतात हे खरे, पण काही आठवडे घेऊन अचानक थांबवल्या की फिट आणतात.

गोळ्या कोणाच्या हाती असाव्यात, हाही प्रश्न बऱ्या दिवसांतच सोडवायचा असतो. आठवड्याची खणांची डबी, सकाळ-रात्रीचे खण वेगळे, आणि मन उन्मादाकडे झुकल्याची तुम्ही स्वतः ठरवलेली दोन-तीन चिन्हे दिसली की डबी घरातील एका विश्वासू व्यक्तीकडे जाईल, असा लेखी करार करावा. अनेकांना हा अपमान वाटतो. पण तो तुम्ही स्वतः, शांत मनाने, तुमच्याच शब्दांत केलेला असला की त्या दिवसांत घरच्यांशी होणारा निम्मा संघर्ष टळतो.

फिट्सची वही आणि मनाची वही अशा दोन वेगळ्या नोंदी तुम्ही ठेवता असे लिहिले आहे. त्या एकत्र करा. एका दिवसाला एक ओळ पुरते. उदाहरणार्थ: “मंगळवार. झोप १.३० ते ६. सकाळी हात चारदा उडाले. मन अधिक १. सोमवारची रात्रीची गोळी चुकली. पाळीचा २७ वा दिवस.” त्याखाली: “बुधवार. झोप ११ ते ७. हात उडाले नाहीत. मन उणे १, रागावले दोनदा.” अशा दोन महिन्यांच्या ओळी समोर असल्या की कोणत्या चिडचिडीआधी गोळी चुकली होती, कोणती पाळीच्या आधीच्या दिवसांत येते आणि कोणत्या चिडचिडीला काहीच निमित्त नाही, हे सहज दिसते. मनासाठी उणे तीन ते अधिक तीन एवढीच पट्टी ठेवा. लांबलचक वर्णने कोणी दोन आठवड्यांपलीकडे लिहीत नाही.

मरणाच्या विचारांबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेला आहात, मी मात्र तिथे थांबतो. अपस्मार असलेल्यांत आत्महत्येचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट आहे, आणि द्विध्रुवीय विकारात तो त्याहूनही बराच जास्त असतो. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने फिटच्या सर्वच औषधांवर याबाबत इशारा छापायला लावला; त्यामागील चाचण्यांनुसार साधारण ५३० जणांनी औषध घेतल्यास त्यांपैकी एका जादा व्यक्तीत असे विचार किंवा वर्तन आढळते. त्या इशाऱ्यामुळे औषध सोडणे हे फिट्समुळे होणाऱ्या मृत्यूचा धोका ओढवून घेणे आहे. परंतु औषध बदलण्याच्या काळात असे विचार वाढले, विशेषतः त्यांना पद्धत किंवा वेळ जोडली जाऊ लागली, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका; त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा तातडीच्या सेवेला कळवा आणि एकट्या राहू नका. लिथियमचा मोठा साठा घरात असणे जोखमीचे आहे. एका वेळी थोड्याच दिवसांच्या गोळ्या घ्याव्यात.

मूल होऊ देता येईल का? होय, आणि दोन्ही आजार असलेल्या स्त्रिया निरोगी मुलांना जन्म देतात. अट एवढीच की तयारी गर्भधारणेच्या पुष्कळ आधी, शक्यतो वर्षभर आधी सुरू व्हावी. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मातांच्या साधारण १० टक्के बाळांत मोठे जन्मजात दोष आढळतात आणि ३० ते ४० टक्के मुलांत बोलणे, शिकणे, वागणे यांच्या वाढीत अडचणी दिसतात, म्हणून ते नको. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटाम यांच्यासह जन्मजात दोषांचे प्रमाण सर्वसाधारण गर्भधारणेच्या जवळपास राहते. लिथियमने पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयातील दोषाचा धोका थोडा वाढतो आणि तो डोसवर अवलंबून असतो. काहींसाठी ते चालू ठेवणे हाच कमी धोक्याचा मार्ग ठरतो. गरोदरपणात लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटाम आणि लिथियम या तिन्हींची रक्तातील पातळी घसरते, त्यामुळे ती वरचेवर मोजावी लागते आणि प्रसूतीनंतर डोस पुन्हा खाली आणावा लागतो. फोलिक आम्ल आधीपासून सुरू करावे. लक्षात असू द्या की इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या लॅमोट्रिजिनची पातळी सुमारे निम्म्यावर आणतात.

गरोदरपणापेक्षाही प्रसूतीनंतरचे पहिले काही आठवडे तुमच्यासाठी अवघड असतील, कारण द्विध्रुवीय विकार उलटण्याच्या सर्वांत मोठ्या धोक्याचा तो काळ आहे आणि झोपमोड तर ठरलेलीच असते. रात्रीचे दूध पाजण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणी घ्यावी, मग त्यासाठी वरचे दूध द्यावे लागले तरी चालेल. हात उडतात तोवर बाळाचे कपडे खाली जमिनीवर बसून बदलावेत आणि बाळाला एकटीने अंघोळ घालू नये.

घरच्यांना फिटच्या वेळी करायच्या गोष्टी माहीत आहेत असे तुम्ही म्हणता: कुशीवर वळवणे, तोंडात काही न घालणे, घड्याळ पाहणे, पाच मिनिटांहून अधिक चालली तर रुग्णवाहिका. त्यात एक भर घाला. झोपेत येणाऱ्या मोठ्या फिट्स हा आकस्मिक मृत्यूचा प्रमुख धोका आहे, त्यामुळे औषध बदलत असताना रात्री हाकेच्या अंतरावर कोणीतरी असावे. वाहन चालवण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. औषध बदलण्याच्या काळात मात्र नियम काहीही असो, चालवू नका.

पुढच्या भेटीला एकच कागद दोन प्रतींत न्या. त्यावर अपस्माराचा प्रकार, आजवरची सर्व औषधे आणि ती का थांबली, सध्याचे डोस, लिथियमची शेवटची पातळी आणि मूत्रपिंडांच्या तपासणीचा निष्कर्ष, डोस वाढल्याची तारीख आणि चिडचिड सुरू झाल्याची तारीख एवढे असू द्या. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचा फोन क्रमांक देऊन, तुमच्या समोरच बोलण्याची विनंती करा; पाच मिनिटांचे ते बोलणे दोन वेगवेगळ्या चिठ्ठ्यांपेक्षा अधिक उपयोगी पडेल. लॅमोट्रिजिन ठरले, तर व्हॅल्प्रोएट किंवा कार्बामाझेपिन सोबत नसल्यामुळे सुरुवात सहसा दिवसाला २५ मिलिग्रॅमने होते, दोन आठवड्यांनी ५०, आणि पुढे हळूहळू. ही गती कोणीही, तुम्ही स्वतःही, वाढवू नये. पहिल्या आठ आठवड्यांत अंगावर पुरळ उठले, त्यातही ताप, तोंडात फोड किंवा डोळे लाल होणे यांपैकी काही सोबत असले, तर नवी गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात जा. लेव्हेटिरासिटाम मात्र तोवर पूर्ण डोसवर चालूच ठेवा. आणि लॅमोट्रिजिन कधी सलग पाच-सहा दिवस चुकले, तर जुन्या डोसवर परत जाऊ नका. डॉक्टरांना विचारून पुन्हा २५ पासूनच सुरुवात करावी लागेल.